टकल्या की डावरा?

कर्जत स्टेशनासमोरच्या चहाच्या दुकानात तो रोज सकाळी कडावहून दूध घालायला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तरुणपणी बोटीवर कोळसा टाकत तो कॅनडापर्यंत जाऊन आला होता आणि तिथल्या बर्फावर चेंडूऐवजी चकतीने खेळायच्या हॉकीच्या गप्पा मारायचा. आमच्या कर्जतात बर्फ म्हणजे मुंबईहून भुशात गुंडाळून येणारी लादी. तिच्यावर माणसं पळतात, हे आम्ही मुकाट्याने मान्य केलं होतं.

खेळाडूंची नावं त्याला ठाऊक नव्हती. कधी टकल्याचं कौतुक करी, कधी डावऱ्याचं. दुसऱ्याकडून गोल करवून घेण्यात दोघांत थोर कोण, यावरून दुकानात तट पडले. मी शाळामास्तर, टकल्याचा. पोस्टमास्तर डावऱ्याचे, त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. हा मात्र ओल्या टेबलावरून चहाची बशी सरकवी आणि ती नेमकी ज्याच्या त्याच्या पुढ्यात थांबे. "चकती अशी द्याची रं," म्हणे.

एकदा तो एकटा सापडला. म्हटलं, "खरं सांग, दोघांत थोर कोण?"

तो मिशीत हसला. "दोगं कुटलं, मास्तर? सामना येकच बगितला, कुंपनाच्या फटीतनं. गोल पल्याड, त्यो दिसलाच नाय. चकती देनारा तेवडा दिसायचा. टकल्या त्योच, डावराबी त्योच. तुमी भांडायला लागलात, मंग मला त्यो डाव मोडवंना."

तेवढ्यात पोस्टमास्तर आत आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "डावराच!"

त्याने बशी माझ्याकडे अलगद सरकवली.

"टकल्या!" मी ओरडलो.