चौथा वाडगा

अमेरिकेत ॲन आर्बरला आम्ही राहायला गेलो तेव्हा घरातल्या चार खुर्च्या चार तऱ्हेच्या होत्या. नवऱ्याचं विद्यापीठात संशोधनाचं काम, पगार बेताचा. नवंकोरं सामान घ्यायचं आणि गाव सोडताना रस्त्याच्या कडेला ठेवून जायचं, हे मला पटत नव्हतं. आमच्या बसच्या रस्त्यावर एका चर्चचं थ्रिफ्ट स्टोअर होतं. लोक नको असलेल्या वस्तू मागच्या दारानं देऊन जायचे. चर्चच्या म्हाताऱ्या बायका त्या पुसून, टॅग लावून पुढे मांडायच्या. मी गरजेपोटी जायला लागले आणि गरज संपल्यावरही जात राहिले.

माझी पद्धत ठरलेली होती. आधी काचसामान, कारण ते लवकर जातं. मग स्वयंपाकाची भांडी. कपडे शेवटी, तेही वेळ उरला तर. वस्तू उलटी करून बघायची. कडेवरून बोट फिरवायचं. टवका डोळ्याआधी बोटाला कळतो. आवडली की आधी कार्टमध्ये टाकायची, मग विचार करायचा. शेल्फवर ठेवून विचार केलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी जाते. आणि आपण काय शोधतोय ते कधी कुणाला सांगायचं नाही. एकदा सांगितलं की समोरच्यालाही ती वस्तू दिसायला लागते.

घरात एक वस्तू आली की एक बाहेर जायची, हाही नियम होता. तो मी पाळत असे. अपवाद फक्त वाडग्यांचा.

हे जुन्या अमेरिकन दुधी काचेचे वाडगे. आतून पांढरेशुभ्र, बाहेरून भडक रंगाचे, एकात एक बसणारे. पूर्ण संच चारांचा. सगळ्यांत लहान निळा, मग लाल, मग हिरवा आणि सगळ्यांत मोठा पिवळा. गावातल्या जुन्या वस्तूंच्या महागड्या दुकानात अख्खा संच काचेच्या कपाटात कुलूपबंद होता. तो तसा विकत घेण्यात काय मजा? मला तो एकेक करून मिळवायचा होता. निळा मिळाला, दुसऱ्या हिवाळ्यात लाल, मग हिरवा. तिन्ही वरच्या फडताळात, कापडात गुंडाळून. वापरत नव्हते. पिवळा मिळाल्यावर चारही खाली काढायचे, असं ठरवलं होतं.

मग आमच्या अपार्टमेंटच्या पलीकडच्या इमारतीत ती आली. पुण्याची, माझ्याच वयाची, मुलगा लहान. तिला गाडी चालवता येत नव्हती. मी तिला थ्रिफ्ट स्टोअर दाखवलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. आधी तिनं नाक मुरडलं.

"लोकांनी वापरलेलं?"

"धुऊन घे. हॉटेलात जेवतेस ते ताट काय नवं असतं?"

पहिल्याच दिवशी मी भांड्यांचं शेल्फ नेहमीप्रमाणे नीट बघून पुढे गेले. माझ्या मागून ती आली आणि ओरडली, "अगं, आप्पेपात्र!"

खरंच आप्पेपात्र. जाड बिडाचं, सात खळग्यांचं, काळंभोर. डेन्मार्ककडचे लोक त्यात कसले तरी गोड गोळे करतात, असं काउंटरवरच्या बाईनं सांगितलं. मी तेच शेल्फ आत्ताच पाहिलं होतं. ते एका मोठ्या तव्याच्या खाली होतं आणि मी तवा उचलला नव्हता. तिनं उचलला होता, आणि तोही सहज, मुलाच्या हातातला बिस्किटाचा पुडा दुसरीकडे ठेवायला जागा हवी म्हणून.

त्या रात्री तिनं आम्हाला आप्पे खायला बोलावलं. उत्तम झाले होते. मी जास्त खाल्ले नाहीत.

पुढे हे असंच चालू राहिलं. मी पद्धतशीर बघायची आणि तिला मिळायचं. मी लोकरीचे कोट एकेक करून अस्तर तपासायची, ती शेवटचा कोट काढायची आणि तो तिच्या मापाचा निघायचा. भारतातून पाहुणे यायचे त्या आठवड्यात तिला चादरींचे न उघडलेले संच सापडायचे. एकदा तर तिनं पार्किंगमध्येच एका माणसाकडून दिवा घेतला, तो मागच्या दाराशी द्यायला चालला होता, हिनं विचारलं, "मला देता का?" आणि त्यानं दिला. पैसेसुद्धा घेतले नाहीत. मी गाडीत बसून हे बघत होते. असं विचारायचं माझ्या मनातही आलं नसतं.

"तुझा हात चांगला आहे," मी म्हणायची.

"छे गं, तू आणतेस म्हणून मिळतं." हे ती मनापासून म्हणायची, त्यामुळे आणखी राग यायचा.

पिवळा वाडगाही तिलाच मिळाला. काचसामानाचं शेल्फ मी बघत होते. तो तिथे नव्हताच. कुणीतरी तो खेळण्यांच्या खोक्यात ठेवला होता, प्लॅस्टिकचे चेंडू भरून. ती मुलासाठी चेंडू शोधत होती. तिनं चेंडू खोक्यात ओतले आणि वाडगा हातात धरून माझ्याकडे आली.

"हे बघ. कांदेबटाट्याला बरा आहे ना?"

रंग जराही उडालेला नव्हता. कड अख्खी. मी म्हटलं, "बरा आहे."

आणखी काय म्हणणार? तिला माझ्या तीन वाडग्यांबद्दल माहीत नव्हतं. ते सांगायचं नाही असं मीच ठरवलं होतं. आणि आता सांगणं म्हणजे मागणंच झालं असतं.

त्यानंतर तो वाडगा तिच्या ओट्यावर असायचा, खिडकीपाशी, त्यात कांदे आणि बटाटे. चहाला गेले की मी नेमकी त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसायची. एकदा ती मुलाला झोपवायला आत गेली तेव्हा मी कांदे बाजूला काढून वाडगा उलटा करून पाहिला. खालचा शिक्का स्वच्छ होता. कांदे परत ठेवले. एका कांद्याला कोंब आला होता. तो मी कचऱ्यात टाकला. असल्या वाडग्यात कोंब आलेला कांदा मला बघवेना.

माझी मुलगी तेव्हा हायस्कूलमध्ये होती. तिला मी एकदा बोलता बोलता सांगितलं.

"आई, जस्ट आस्क हर."

"मागायचं नसतं."

"व्हाय नॉट?"

"दुसऱ्याच्या घरातली वस्तू मागत नाहीत. तिनं आपणहून विचारलं तर गोष्ट वेगळी."

"शी डझंट नो यू वाँट इट!" मुलगी म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली. इथल्या मुलांना सगळं सोपं वाटतं.

एका वसंतात त्या पुण्याच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला जॉर्जियात नोकरी लागली. अल्फारेटाला जायचं होतं. तिथे घर मोठं, ओटाही मोठा.

"हे काही घेऊन जायचं नाहीये," ती म्हणाली. "तिथे सगळं नवीन घेणार. मला जरा आवरायला मदत करशील? तुला छान जमतं ते."

मला छान जमतं हे खरं आहे. मी सकाळी गेले, तीन ढीग केले. न्यायचं, द्यायचं, टाकायचं. ती प्रत्येक वस्तू हातात घेऊन आठवणी सांगायला लागली की मी विचारायची, "गेल्या वर्षात वापरलीस?" नाही म्हणाली की द्यायच्या ढिगात. दुपारपर्यंत बेडरूम आणि हॉल झाला. तिच्याकडचे कोट, दिवा, चादरी सगळं माझ्या हातून खोक्यांत गेलं. मला बरं वाटत होतं, हे नाकारत नाही.

मग स्वयंपाकघर. आप्पेपात्र न्यायच्या ढिगात गेलं. तिनं वाडग्यातले कांदेबटाटे पिशवीत ओतले, वाडगा फडक्यानं पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"हा हवाय का तुला?"

"अगं नको," मी म्हटलं. "माझ्याकडे कुठे जागा आहे!"

"बरं," ती म्हणाली आणि वाडगा द्यायच्या खोक्यात ठेवला.

एवढंच झालं. मला ते तिथल्या तिथे कळलंही नाही. मी अमरावतीची. आमच्याकडे पहिलं 'नको' हे बोलण्याची सुरुवात असते. समोरचा म्हणतो, "असं कसं, घ्यायलाच हवं." आपण म्हणतो, "अहो, खरंच नको." मग तो वस्तू हातात कोंबतो, आपण म्हणतो, "तुम्ही तर ऐकतच नाही," आणि घेतो. जेवणाच्या पंगतीपासून साडीपर्यंत सगळं असंच चालतं. ताटातली दुसरी पोळी पहिल्या विचारण्याला घेतली तर आई घरी आल्यावर बोलायची. तिनं दुसऱ्यांदा विचारण्याची मी वाट बघत उभी होते आणि ती वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती.

"काचेचा आहे तो, नीट ठेव," मी शेवटी म्हटलं. मला वाटलं, त्यावरून तरी तिला काही सुचेल.

"हो हो," ती म्हणाली आणि वरून एक टॉवेल टाकला.

खोकी माझ्याच गाडीतून गेली. मीच चालवत होते. वळणावर मागच्या सीटवरून काचेचा आवाज आला की मी वेग कमी करत होते. थ्रिफ्ट स्टोअरच्या मागच्या दाराशी एका माणसानं खोकी उतरवून घेतली.

"देणगीची पावती हवी?" त्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली. तिनं ते एकदाच म्हटलं आणि तो दार लावून आत गेला.

मागच्या दारानं दिलेली वस्तू पुढून विकत घ्यायला किती दिवस लागतात, याचा काही नेम नव्हता. निवडायचं, पुसायचं, भाव ठरवायचा, सगळं त्या बायकांच्या सवडीनं. ती गाव सोडून गेली, तिला निरोप देऊन मी घरी न येता तशीच दुकानात गेले. वाडगा नव्हता. मग रोज जायला लागले. आत पडद्यामागे तो कुठेतरी आहे आणि एखादी स्वयंसेविका त्यात आपली टाचणी-सुई ठेवते आहे, असं मला वाटायचं. त्या बाईचाही मला हेवा वाटायचा, जी कदाचित अस्तित्वातच नव्हती.

शेवटी एके सकाळी चर्चच्या बायका चाकांचं शेल्फ ढकलत बाहेर आल्या. मी काचसामानापाशीच होते, पण हातात एक साखरेचं भांडं उलटं धरलेलं होतं. ते खाली ठेवेपर्यंत एका बाईनं पिवळा वाडगा उचलला. पांढरे केस, डोक्यावर सायकलचं हेल्मेट. तिनं कडेवरून बोट फिरवलं. मग वाडगा उलटा केला, शिक्का पाहिला. मी तिच्याकडे बघत राहिले. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

मी पुढे झाले. "तुम्ही हा घेणार आहात का?" मी इंग्रजीत विचारलं.

"का? तुम्हाला हवाय?"

"हो," मी म्हटलं. ताबडतोब, स्पष्ट. "मला हवाय. माझ्याकडे बाकीचे तीन आहेत."

"खरंच?" तिचा चेहरा खुलला. "माझ्याकडेही बाकीचे तीनच आहेत!"

आणि ती काउंटरकडे गेली. तिनं काही चूक केली नव्हती. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. तरीही मी तिच्या मागोमाग रांगेत उभी राहिले, कारण पुष्कळ लोक पैसे देताना विचार बदलतात आणि वस्तू काउंटरवरच सोडून जातात. तिनं विचार बदलला नाही. स्वेटरमध्ये गुंडाळून वाडगा सायकलच्या टोपलीत ठेवला आणि चढावर पायडल मारत निघाली. वळणाशी दिसेनाशी होईपर्यंत मी काचेतून बघत होते. तो पडू नये असं मला वाटत होतं, आणि पडला तर बरं, असंही.

संध्याकाळी अल्फारेटाहून फोन आला. घर लागलं, मुलाची शाळा सुरू झाली, उकाडा फार आहे, हे सगळं झाल्यावर मी म्हटलं, "तो पिवळा वाडगा मला हवा होता."

"कुठला? कांद्यांचा?"

"हो."

"अगं, मी विचारलं होतं तुला!"

"एकदा विचारलंस."

"मग किती वेळा विचारायचं?"

"कमीत कमी तीनदा. आमच्याकडे तीनदा विचारतात."

पलीकडे ती इतकी हसली की तिच्या नवऱ्यानं काय झालं म्हणून विचारल्याचं मला ऐकू आलं. "अरे, हिला तो वाडगा हवा होता," ती त्याला म्हणाली. "नको म्हणाली होती आणि आता भांडतेय!" मग पुन्हा फोनवर, "वेडी आहेस का तू? सांगायचं नाहीस?"

"आता सांगतेय."

"ऐक, इथे पण एक थ्रिफ्ट स्टोअर आहे, मोठं. कालच गेले होते. एक मस्त वस्तू मिळाली."

पुन्हा तिलाच मिळालं. पहिल्याच आठवड्यात, नव्या गावात, नव्या दुकानात. मी आजही सकाळी रिकाम्या हातांनी घरी आले होते.

"मला वापर नाहीये तिचा," ती सांगत होती. "तुला हवी का? पाठवू?"

"हो," मी म्हटलं.

"अगं, काय आहे ते तरी ऐक!"

"नको. आधी पाठव."

पत्ता तिला पाठ होता. तरी मी तिला लिहून घ्यायला लावला आणि परत वाचून दाखवायला सांगितला.