गाडी डावीकडे ओढते

सरळ रेषेत जाणं ही मानवजातीची सर्वांत जुनी तपश्चर्या आहे. आमच्याकडे ती रविवारी सकाळी, लालबर्रा इथल्या एका राइस मिलच्या आवारात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून केली जाते. तपश्चर्येचं साधन म्हणजे रिमोटवर पळणारी हातभर लांबीची मोटार.

मोटार माझ्या मित्राची. बालाघाटात त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे आणि सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणजे मोटारीच्या बाबतीत हमाल. मिस्त्रीला वार्षिक शर्यत जिंकायची नव्हती. त्याला फक्त आपल्या भाटव्याच्या, बहिणीच्या नवऱ्याच्या, पुढे यायचं होतं. हे भाऊजी मलाजखंडच्या खाणीत इंजिनिअर. गेल्या वर्षी त्यांची मोटार पुढे गेली, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पंगतीत ते सर्वांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "ट्रॅक्टरवाल्याचं काम नोहे हे, साळेबुवा." भाऊजी पडले घरचे जावई, म्हणून मिस्त्री मान खाली घालून जेवत राही.

"सर, एक डाव," तो मला म्हणाला. "एकच डाव त्या माणसाची मोटार मले माह्या मागे पाहायची आहे."

शर्यत मिलच्या आवारातच होणार होती, धान वाळवायच्या सिमेंटच्या जागेवर. म्हणून महिनाभर आधी आम्ही तिथेच सराव धरला. मिस्त्री गोदामाच्या सावलीत बसे आणि समोर, ट्रक तोलायच्या काट्याकडे, मोटार सोडे. मोटार डावीकडे ओढायची. मी तिला काट्यापासून उचलून परत आणायचो. बॅटरी वाचवायची, हा मिस्त्रीचा नियम.

ट्रॅक्टरची चाकं तो जशी बघतो तशीच ही बघे. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणायची, पुढचं चाक तिला कुठे शिवतं ते पाहायचं, आणि चाक वळवणाऱ्या बारीक दांड्याला अर्धा आटा द्यायचा. चाक वरून आत किती झुकावं, याला कॅम्बर म्हणतात. मिस्त्री त्याला मान म्हणे. "डाव्याची मान थोडी वाकवू, सर. अकड आहे त्याच्यात." पुन्हा सोडायची, पुन्हा मी आणायची. तिसऱ्या रविवारी मोटार आखल्यासारखी काट्यापर्यंत गेली. मी साम्राज्यांच्या उदयाबद्दल बरंच वाचलं आहे, पण इतका निर्भेळ आनंद कुठल्याही राजधानीत झाल्याची नोंद नाही. आम्ही रस्त्यावर जाऊन दोन-दोन समोसे खाल्ले.

शर्यतीच्या दिवशी फीत कापली गेली. प्रमुख पाहुणे युवाशक्तीवर बोलले. स्पर्धक ते ऐकत चष्मे पुसत होते. वाचायचा चष्मा त्यांच्यातल्या प्रत्येकाकडे होता.

मग सरावाची फेरी. आमची मोटार काट्याकडे रेषेत गेली, वळली, आणि परत येताना सरळ उजवीकडच्या धानाच्या ढिगात घुसली. पुन्हा सोडली. पुन्हा ढिगात.

"उपाशी आहे काय तुमची गाडी?" भाऊजी म्हणाले.

मिस्त्री सुतळी काढून पुन्हा मापू लागला. माप बरोबर होतं. आम्ही आवार केव्हा मोकळं करतो याची वाट पाहत धान पसरवणारी बाई दंताळं टेकवून उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, जागा उताराची आहे ना."

"कुठं उतार?"

"हे काय, इकडून नालीकडं. सपाट असती तं पाणी साचून धान सडलं नसतं काय?"

मिस्त्री नालीकडे बघत राहिला. जाताना नाली डावीकडे होती, येताना उजवीकडे. महिनाभर आम्ही उताराची खोड मोटारीच्या चाकांतून काढत होतो.

"सर, आपण इले वापस येताना कधी चालवलं?"

"कधीच नाही. बॅटरी वाचवा, तुमीच म्हणलं."

"मी म्हणीन. तुमी इतके शिकलेले, तुमी काहून आयकलं?"

आवारात खरोखर सपाट अशी एकच जागा होती, ट्रकचा काटा. मोटार त्यावर ठेवून मिस्त्रीनं दहा मिनिटांत महिन्याभराची कमाई उलटी फिरवली: दोन्ही दांडे सारखे, दोन्ही माना सारख्या. आता ती जाताना थोडी डावीकडे घसरे, येताना थोडी उजवीकडे, आणि ते तो बोटानं सांभाळून घेई.

शेवटच्या फेरीपर्यंत भाऊजी पुढे होते. काट्याजवळच्या वळणावर त्यांची मोटार नालीकडे लांब फाकली. उतार त्यांनाही कोणी सांगितला नव्हता, आणि बाईकडे पाहता ती सांगणारही नव्हती. आमची आतून निघाली आणि चुन्याच्या रेघेवर त्यांच्या वीतभर आधी पोचली.

मिस्त्रीनं रिमोट माझ्या हातात दिला, भाऊजींसमोर गेला आणि आमच्याकडे जावयाच्या पाया पडतात तसा पडला. जरा जास्त वेळ पडला. चारचौघांत आशीर्वाद देणं भाऊजींना भागच होतं.

"सुखी राहा," ते म्हणाले.

मग त्यानं बहिणीला फोन लावला. "ताई, भाऊजी बरे आहेत. पानी पाजलं." धान पसरवणाऱ्या बाईला पहिला आणि मग सगळ्या आवाराला बुंदीचा लाडू मिळाला. कोणीतरी ढोलवाल्याला बोलावलं, आणि मी, तीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच, नाचलो.

चषक पहिल्या तिघांना दिले गेले. आम्ही चौथे होतो.