कड्यावरून टाकलेली टोपी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही—माझे कान गेलेत हे तिला ठाऊक होतं, पण त्यापायी मी काय केलं ते नाही.

कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवायचो. पन्नाशीच्या आतच कमी ऐकू येऊ लागलं. बहिऱ्या प्राध्यापकाला कोण ठेवून घेणार? मी युक्त्या शिकलो. विद्यार्थ्याने शंका विचारली की म्हणायचं, ‘छान! आता तुम्हीच विचार करा.’ पोरं मला मोठा विचारवंत समजायची! पुढे विभागप्रमुखही झालो—मध्ये न बोलणारा माणूस कमिटीत सगळ्यांनाच आवडतो.

एका उन्हाळ्यात मुलाखती लोणावळ्याला, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या बंगल्यावर झाल्या. जागा एकच, माझ्या हाताखालच्या व्याख्यात्याची. इनायत नावाचा तरुण आला. इथल्याच बाजारातल्या चहा-साखरेच्या दुकानदाराचा मुलगा, चांगला शिकलेला. मी माझा आवडता प्रश्न टाकला: कुरवंड्याजवळ नागफणीच्या कड्यावरून खाली टाकलेली टोपी परत वर का येते?

उत्तर सोपं. वारा कड्यावर आपटतो, वर वळतो आणि टोपीला घेऊन येतो. पण हा बोलतच राहिला. आवाज मऊ, ओठ मिशीआड. हात वर जायचा, मग गोल फिरायचा. मध्येच स्वतःशी हसला. काय सांगत होता? मला एक अक्षर कळलं नाही. ‘जरा मोठ्याने बोला’—एवढं म्हणता आलं नसतं का? तो थांबला. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण विषय माझा. मी म्हणालो, ‘चूक.’

जागा दुसऱ्याला गेली. इनायत वडिलांच्या दुकानात बसला, तो बसलाच.

निवृत्त झाल्यावर मी लोणावळ्यालाच राहायला आलो. का? लाज वाटायला हवी होती. मला कुतूहल वाटत होतं. कड्यावर जाऊन टोपी टाकून पाहिली. कधी सरळ वर येते, कधी गिरकी घेऊन भलतीकडेच झुडपात अडकते. त्याचा हात गोल फिरत होता तो यासाठीच का? मग अपुरं उत्तर कुणाचं—माझंच?

परवा चहा घ्यायला गेलो आणि राहवलं नाही. दुकानात एक शेतकरी गूळ घेत होता, बाकी कुणी नव्हतं. मी इनायतला तोच प्रश्न विचारला. त्याचा तराजू धरलेला हात थांबला. मग तो बोलला—तसाच हळू, तसाच बराच वेळ. कानाला लावायचं नळकांडं घरी होतं. चारचौघांत काढायची मला लाज वाटते. मी मान डोलावली आणि म्हणालो, ‘बरोबर.’

त्यावर इनायत थोडंसंच काहीतरी बोलला. मी पुन्हा मान डोलावली. शेवटी त्या शेतकऱ्याने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि ओरडला, ‘आवं आबा, त्ये इचारत्यात—आज बरोबर, मंग तवा चूक कशापायी म्हनलात?’

हे मला स्वच्छ ऐकू आलं. मी कानामागे हात धरला, काहीच ऐकू आलं नाही असं तोंड केलं, आणि चहाची पुडी उचलून चालू लागलो.