काकूंनी रांग थांबवली नाही

मंगळवारी मी डबा द्यायला गेले तेव्हा सुमनकाकू सोफ्यावर टेकून बसल्या होत्या. कपाळावर घाम. "गॅस झालाय गं, जरा ओवा दे," म्हणाल्या. मी दिला. त्यांच्या लेकीला, रियाला फोन करू का विचारलं, तर म्हणाल्या, "नको, तिच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे या आठवड्यात." गुरुवारी रियाचाच फोन आला... आई गेली. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांपासून चालू असणार.

पाच आठवडे झाले. जो तो म्हणतो, किती सोशिक, शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मी आठवीत शाळा सोडलेली बाई. इथे अमेरिकेत, अर्विंगला पोळीभाजीचे डबे करते. आले तेव्हा बँकेच्या दारातूनच परत फिरायचे. काकूंनी हाताला धरून सगळं शिकवलं. गेल्या वर्षी त्या झांबियाला निघाल्या, नदीकाठाने चालत प्राणी बघायला. लेक म्हणाली, "मॉम, चालत? नो वे!" मग काकूंनी मला नेलं. हौस त्यांची, भीती माझी.

लुआंग्वा नदीच्या काठाने आम्ही सहा जण एकामागे एक चालायचो. पुढे बंदूकवाला, मग गाईड जोसेफ. मोठ्याने बोलायचं नाही. थांबायचं असेल तर मांडीवर दोनदा थाप मारायची, की अख्खी रांग थांबते. काकू सारख्या थापा मारायच्या. हत्तीच्या पावलात साचलेलं पाणी, दरडीतल्या बिळांतून भुर्रकन उडणारे लाल पक्षी, जांभई देणारा पाणघोडा... "दाढा बघ मेल्याच्या!" माझ्या कानात कुजबुजायच्या. बाकीचे वैतागायचे, काकूंना फिकीर नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझी टाच सोलली. मी तशीच चालत राहिले. माझ्यासाठी एवढ्या लोकांना कसं थांबवायचं? तेवढ्यात झाडीतून पिल्लासकट हत्तीण निघाली, कान पसरून. जोसेफने भरभर मागे व्हायची खूण केली आणि मला पाऊलच टाकवेना. काकूंनी दंडाला धरून ओढत नेलं. हत्तीण वळली म्हणून निभावलं. कॅम्पवर माझा रक्ताने चिकटलेला मोजा बघून त्या कडाडल्या, "तोंडाला कुलूप लावलं होतंस? दुखणं लपवणं हा चांगुलपणा नाही, शोभा. मस्ती आहे ती!" आणि मग स्वतः खाली बसून मलम लावलं.

मग काकू, मंगळवारी काय झालं होतं? माझ्या टाचेसाठी रांग थांबायला हवी होती, आणि तुमच्या छातीसाठी लेकीचं रिलीज थांबलं नसतं? मी समोर उभी होते, ओव्याची बरणी घेऊन. एक शब्द बोलला असतात तर अँब्युलन्ससाठी नाइन वन वन लावला असता, मोडक्या इंग्रजीत का होईना. तुमचा पत्ता पाठ होता मला. तुम्हीच पाठ करून घेतला होता. आता जन्मभर मी ओवा देणारी...

महिनाभर माझा खांदा दुखत होता. गेल्या आठवड्यात एकटीच क्लिनिकला गेले. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवर बघून विचारलं, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट सुमनच ना? तोच नंबर?

"नो!" माझा आवाज चढला, मागचे लोक बघायला लागले. "शी नॉट पिकिंग फोन."

मग तिने दुसरं नाव विचारलं. मला एकही सुचेना. त्या रकान्यात अजून काकूच आहेत.