दुसऱ्या सहीआधीचं भांडण

आमच्या गोव्यात लग्न देवळात लागो नाहीतर हॉलमध्ये, कचेरीत जाऊन दोनदा सह्या कराव्याच लागतात. पहिली सही झाली की नावं फळ्यावर लागतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. दुसरी झाली की कायद्याने नवराबायको. आमची पहिली सही होऊन नावं डिचोलीच्या फळ्यावर लागली होती, आणि अख्ख्या तालुक्यात हरकत होती ती एकटीची. माझी!

मुलगा हायवेवरच्या धारगळचा, मुरगाव बंदरात नोकरीला. पत्रिका अशी जुळलेली की भटजी स्वतःच खूश. दिसायला बरा, बोलायला गोड, आणि इथेच माझं घोडं अडलं. काहीही विचारा, उत्तर एकच: "तू म्हणशील तसं." एकदा म्हापशाच्या बसस्टँडवर मी त्याला मुद्दाम तासभर उन्हात उभं केलं. हसून म्हणाला, ट्रॅफिक असतंच. त्याला आवडत नाही ते मागवलं, तर गुमान खाल्लं. हा माणूस चिडतो तेव्हा काय करतो, हे मला कोण सांगणार?

हा प्रश्न माझ्या डोक्यात उगाच आला नव्हता. माझे बाबा भांडत नाहीत. ते गप्प होतात. भाजीत मीठ कमी पडलं, आई माहेरी एक दिवस जास्त राहिली, की आठवडाभर अबोला. दोघं हाताच्या अंतरावर बसलेली आणि आई मला सांगायची, "बाबांना विचार गो, चहा घेतात काय." लहानपणभर मी त्या घरातला टेलिफोन होते. आईला तो अबोला आतून कुरतडताना मी पाहिलाय. तसलं आयुष्य मला नको होतं, आणि लग्नाआधी बाबाही म्हणे फार गोड बोलायचे.

चतुर्थी तोंडावर आली आणि बाबांचा खांदा धरला. आता माटोळी कोण बांधणार? गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, रानातली फळं बांधायची. एका माणसाचं काम नव्हे. आईने भीतभीत धारगळला फोन लावला. आदल्या दिवशी सकाळीच हा स्कूटरवर रानफळांची पिशवी घेऊन हजर.

तो एका स्टुलावर, मी दुसऱ्या. मी पहिला नारळ चौकटीच्या कोपऱ्याला लावला.

"नाय," तो म्हणाला. "नारळ मधी बांध."

मी दचकलेच. त्याच्या तोंडून 'नाय' मी पहिल्यांदाच ऐकत होते. "आमच्याकडे कोपऱ्यातच बांधतात."

"बांधत असतील. चौकट एके बाजूक कलता. मधी बांध."

"धारगळात काय हायवेवर टांगतात काय रे माटोळी?"

"गावाक मधे आणू नको!" त्याचा आवाज असा चढला की शेजारची बाई खिडकीत आली. "नारळाचं बोल! फक्त नारळाचं!"

मग काय, जुंपली! मी त्याला हट्टी म्हटलं, तो मला दीडशहाणी म्हणाला. कान लाल, कपाळाची शीर फुगलेली. पण हात थांबले नव्हते. ओरडता ओरडता त्याने माझ्याकडे दोर फेकला आणि ओरडतच म्हणाला, "धर नीट, पडशील!" बाबा उठले आणि पेपर घेऊन व्हरांड्यात जाऊन बसले. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात.

तेवढ्यात माझ्या कोपऱ्यातला नारळ सुटला आणि धाडकन जमिनीवर. मी डोळे मिटले. आता येणार, 'सांगितलं नव्हतं?' नाहीतर स्टुलावरून उतरून स्कूटर काढणार.

"गाठ ढिली होती," तो म्हणाला. "कोपऱ्याचा काय दोष नाय." नारळ उचलून माझ्या हातात दिला. "तरी माझं म्हणणं मधीच. तुझ्या घरची माटोळी, तू बांध नारळ हवा तिथं. पण आधी जेवूया, भूक लागली माका."

मी आत धावले. आई चुलीपाशी रडत होती. "मोडलं गो बाये! सणाच्या तोंडावर जावयाक ओरडाक लावलंस!" तिला काय सांगू? माझं काळीज नुसतं उड्या मारत होतं. जिंकलं होतं कुणीतरी, आणि बहुतेक मीच!

पानं वाढली. बाबांना बोलवायला नेहमीसारखं मलाच धाडलं. ते आले, मान खाली घालून बसले, एक शब्द नाही. हा मात्र मुगागाठीच्या उसळीवर असा तुटून पडला की बस. भात परत घेतला. मग सरळ माझ्याकडे बघून, "गो, मीठ दी. आणि ती मघाची दीडशहाणी मागे घेतो. हट्टी मात्र तू आससच."

"तू पण," मी म्हटलं.

"आसा मी," म्हणाला आणि कढी भुरकली.

आई कढीचं भांडं हातात घेऊन उभीच. एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बाबांच्या खाली घातलेल्या मानेकडे, बराच वेळ. मग माझा दंड धरून मला आत ओढत नेलं आणि दाराआड कानाला लागून म्हणाली, "अगो, हा भांडून जेवता! सोमवारीच जा आणि सही कर."