खुणेतलं नाव

दिवाळी झाली की आमचा मानोऱ्याजवळचा तांडा ऊसतोडीला निघायचा. याडी अन् बा, म्हणजे माझे आईवडील, फडात. जन्मापासून बहिरा असलेला माझा धाकटा भाऊ गाडीखाली. तो इकडंतिकडं पळू नये म्हणून बाच त्याच्या हिरडीला तंबाखूची चिमूट लावायचा. त्या मुक्या पोरानं तोंड वाकडं केलं की फडावरची माणसं पोट धरून हसायची. म्हणजे व्यसन त्याला शाळेनं लावलं नाही, घरानंच लावलं. हे आधीच सांगून टाकते.

पुढं त्याला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घातलं. मी तोवर बी.ए. झाले होते. तांड्यातली पहिली. फुशारकी वाटली तर वाटू द्या. सुट्टीत भाऊ आला की शाळेतलं सगळं हातांनी सांगायचा. ती पोरं प्रत्येक माणसाला खुणेचं नाव ठेवतात. मुख्याध्यापक म्हणजे डोळ्यांवर दोन गोल, चष्मा. स्वयंपाकीण म्हणजे कपाळावर बोट, मोठं कुंकू.

मग एकदा शाळेतून फोन आला. भावानं वसतिगृहाच्या अधीक्षकाला जेवणाचं ताट फेकून मारलं होतं. शाळेतून नाव काढणार होते. नाव निघालं की हातात कोयता, हे ठरलेलं. याडी अन् बा उसाच्या फडावर, म्हणून पालक म्हणून मीच शाळेत गेले.

मुख्याध्यापक चिडलेले. "काल सकाळी समद्या पोरायनं व्यसनमुक्तीची शपथ घेतली, अन् संध्याकाळी यानं या अधीक्षकायचं डोकं फोडलं. तुमीच पुसा त्याले, काहून मारलं?"

भावानं तळहातावर तळहात घासला, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतात तसा. मग शपथेसारखा हात पुढं केला. मग स्वतःच्याच गालावर चापट मारली.

"पाहा, कबूल करून राह्यला!" डोक्याला पट्टी बांधलेला अधीक्षक म्हणाला. "खर्रा पाहिजे होता याले."

"सर, तो खर्रा नाही मागून राह्यला. ते तुमचं नाव आहे."

"बी.ए. झाली म्हनून काईबी सांगशीन काय वं?"

मी उठले. व्हरांड्यात पोरं जेवायला बसली होती. दारात उभी राहून मी तळहात घासायची तीच खूण केली अन् हातानं विचारलं, कुठं आहे? सगळ्या माना एकदम अधीक्षकाकडं वळल्या.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग भावाचं बोलणं मी त्यांना सांगितलं. हा अधीक्षक रोज कोणत्या तरी पोराला टपरीवर खर्रा आणायला धाडायचा. आणणाऱ्याला त्यातलाच थोडा द्यायचा. त्या संध्याकाळी भावानं शपथेचा हात दाखवून नकार दिला. थोबाडीत बसली. ताट त्यानंतर उडालं.

"सर, यानं आधी हातानंच नाही म्हटलं होतं," मी म्हणाले. "कोणी वाचलं नाही."

सगळ्या शाळेनं घेतलेली शपथ खरी मानणारा हाच एक निघाला, अन् नाव त्याचंच काढत होते.

अधीक्षकाची चौकशी झाली नाही. उलट भावाला त्याच्या पाया पडायला लावलं. अधीक्षकाला संस्थेच्या दुसऱ्या वसतिगृहावर पाठवलं. तिथंही पोरंच आहेत.

आमच्या शाळेतल्या पोरांना टपरीवर धाडणं बंद झालं. भावाचं नाव हजेरीत राहिलं. त्याचा खर्रा सुटला, अन् तो दहावी पास झाला.