आप्पांची गाडी अजून गळतेच आहे

आप्पा गेले त्याला आज वर्ष झालं आणि त्यांची गाडी अजून गळतेय.

ही पोस्ट सकाळपासून टाळतोय. म्हटलं आधी गाडी कोरडी होऊ दे, मग लिहू, शेवट तरी गोड होईल.
दुपार झाली. हात काळे, मोबाइलच्या स्क्रीनवर ऑइलचे ठसे. गोड बिड काही नाही.

आप्पा माझे कोणी नव्हते. रावेतला त्यांच्या चाळीत मी भाड्याने राहतो. मूळ बीडकडचा, आयटीआय अर्धं सोडलेला, चाकणला कॉन्ट्रॅक्टवर आज या कंपनीत, उद्या त्या.
त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "ए भिंगरी!" एवढंच.

गाडी म्हणजे मोटरसायकल, त्यांच्या वडिलांनी पन्नासच्या दशकात घेतलेली. एक सिलेंडर, आवाज असा की नदीपलीकडची कुत्री उठायची. आणि इंजिनाच्या डोक्यावरचं जे झाकण, टॅपेट कव्हर, तिथून ऑइल गळायचं.
माझ्या एकाही पँटचा उजवा पाय स्वच्छ नाही.

आप्पांचे उपाय ऐका. साबण. सिलिकॉन. लेकीचं जुनं नेलपॉलिश.
आणि प्रत्येक उपायानंतर पाना घेऊन, "अजून अर्धा आटा."
"आप्पा, आवळू नका, कव्हर वाकतंय!"
"तू गप. आवळल्याबिगर काय बसतं व्हय?"
कव्हर वाकायचं. मी ते काचेवर पेस्ट लावून घासून सपाट करायचो. आप्पा परत आवळायचे. डोकं फिरायचं राव.

एकदा मला झाकणाखाली घालायच्या पॅकिंगचा कागद आणायला तळेगावला पाठवलं. स्टेशनात लोकल उभी दिसली, बसलो, लोणावळ्याला उतरलो. संध्याकाळी चिक्की घेऊन परत. पॅकिंग विसरलो.
आप्पांनी चिक्की खाल्ली. मग फळीवरची एक लग्नपत्रिका काढली, तिच्यावर कव्हर ठेवून पेन्सिल फिरवली आणि कात्रीने पॅकिंग कापलं.
तेव्हापासून तेच. लग्नाला जायचे नाहीत, पत्रिका मात्र बोटांत दाबून बघायचे. "पावणं जोरात हाईत. कागद बघ कसा हाय."
पुढे कधी कव्हर उघडलं की आत ऑइलमध्ये भिजलेला गणपती.

हं, तर मुद्दा राहिला. एवढा जीव का काढायचे?

त्यांची एकुलती लेक, सुनीताताई, राजगुरुनगरला दिलेली. सासरच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आप्पा याच गाडीवर गेले आणि गाडी लावली अंगणातल्या नव्याकोऱ्या पांढऱ्या फरशीवर.
दोन थेंब पडले. दोनच.
ताईच्या सासूबाई भर पंगतीत म्हणाल्या, "इवाई, गाडीला लंगोट बांधा की!"
सगळे हसले. आप्पा नाही हसले.

"गाडी कोरडी झाल्याबिगर त्या घराला पाय लावणार न्हाई."
"आप्पा, एसटीने जा ना."
"न्हाई. जाईन तर हिच्यावरच."

ताई भेटायला यायची, रडून जायची. आप्पा पाना शोधत बसायचे.
गेल्या वर्षी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.
लेकीचं घर राहिलंच.

गाडी ताईने मलाच दिली. आज तिच्याकडे वर्षश्राद्धाचं जेवण आहे. काल फोन आला, "पान वाढून ठेवते, ये."
मी ठरवलं, गाडी कोरडी करायची, तिच्यावरच जायचं, त्याच फरशीवर लावायची. एक थेंब पडू द्यायचा नाही. सासूबाईंनी बघावं.

कव्हर घासलं. नवं पॅकिंग घातलं. बेताने आवळलं. किक मारली.
गळतंय!

वैतागून गाडीखाली आडवा झालो, आणि तेव्हा दिसलं.
इंजिनातून मागच्या चाकाकडे एक बारीक नळी जाते. आतली कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडते, सोबत एखादा थेंब ऑइल. पडणारच.
त्या नळीच्या तोंडात आप्पांनी लाकडाची खुंटी ठोकलेली. वर सायकलची ट्यूब करकचून गुंडाळलेली.

म्हणजे फरशीवरचे ते दोन थेंब इथले होते. आप्पांनी घरी येऊन भोकच बुजवलं. हवेला वाट राहिली नाही, ती ऑइल घेऊन वरून निघाली. आणि आम्ही दोघं वरचं झाकण आवळत बसलो!

आप्पा, एकदा बोलायचं तरी होतं!

खुंटी काढली. झाकण कोरडं ठणठणीत. आणि नळीतून टप्.
पुसलं. टप्.
ही गाडी त्या फरशीवर कोरडी उभी राहणं शक्यच नाही. कधीच नव्हतं.

ताईचे मिस्ड कॉल येऊन पडलेत. काय सांगू तिला? चिंधी घेऊन बसलोय.

आप्पा, पोस्टला लावायला तुमचा फोटो शोधला. एकही धड नाही. सगळ्यांत तुम्ही गाडीखाली, बाहेर नुसते पाय. तेच लावतोय.
चिडलोय तुमच्यावर, आप्पा. तरी त्या पायांना नमस्कार.

थांबा. गेटशी रिक्षा थांबली.

ताईच्या सासूबाई! एकट्या. राजगुरुनगरहून. काखेत ही मोठी परात.
"तू बी त्यांच्यासारखाच पुसत बसशील, म्हणलं आपणच जावं न्यायला."
त्यांनी वाकून परात गाडीखाली सरकवली. टप्.
"वास्तुशांतीच्या दुसऱ्याच दिवशी आणली होती, इवायांच्या गाडीखाली ठिवायला. आलेच न्हाईत."

मी म्हटलं, "आता ही परात माघारी कशी न्यायची?"
"मी मागं बसते की, मांडीवर धरून. तू गाडी काढ."